डाव्या दाराची चावी

चावी आत सारायची, सूतभर मागे ओढायची आणि मग फिरवायची. बाबा कित्येक वर्षं आमच्या गाडीचं दार असंच उघडत आले. हे सूतभर म्हणजे नेमकं किती, ते त्यांच्या बोटांना ठाऊक होतं. २०२४ च्या फेब्रुवारीत त्यांच्या उजव्या हातातली ताकद गेली आणि तो अंदाजही हाताबरोबर गेला. बोलणं हळूहळू परत आलं. अंगणात खुर्ची टाकून ते मला सांगत, "ओढ. थोडी. नाही, जास्त झाली." मी उजव्या दाराशी वाकलेली, घामाघूम. दार काही उघडायचं नाव घेत नव्हतं.

गाडी मारुती ८००, १९९८ सालची. तिचा नंबर एमएच ०४ चा, कारण तेव्हा वसई ठाणे जिल्ह्यात होती. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला, आणि आता आमच्या गल्लीतल्या नव्या गाड्यांवर एमएच ४८ दिसतं. पहिल्या नोंदणीची पंधरा वर्षं २०१३ मध्ये संपली. त्यानंतर बाबा दर पाच वर्षांनी गाडी धुऊन-पुसून आरटीओत नेत आणि नूतनीकरण करून आणत. २०२३ मध्ये त्याची फी पाच हजार रुपये झालेली होती. घरात सगळे म्हणाले, आता विका. बाबांनी पैसे भरले आणि कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवून दिले.

आम्ही वसई गावात होळीला राहतो. होळी हे इथल्या वस्तीचं आणि बाजाराचं नाव, सणाचं नव्हे. बाबांना आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपीला न्यायचं होतं. रिक्षात चढताना त्यांचा पाय उचलला जाईना आणि प्रत्येक खड्ड्याला त्यांचा खांदा दुखायचा. म्हणून सेहेचाळिसाव्या वर्षी मी गाडी शिकले. शिकवणीची गाडी नवी होती, बटण दाबलं की चारही दारं उघडायची. कुलूप, चावी, दाते हा विषयच तिथे कधी निघाला नाही. लायसन्स हातात आलं आणि मी आमच्या ८०० समोर उभी राहिले. गाडी चालवायला शिकले होते, पण तिच्यात शिरायचं कसं हे मला येत नव्हतं.

पहिल्या आठवड्यात मी दोन वेगळ्या दुखण्यांची गल्लत केली. दाराची चावी सहजी फिरत नव्हती हे खरंच. पण एके सकाळी इग्निशनची चावीही अडकली. जोर लावला तर चावीची मान वाकेल अशी भीती वाटली. आता तेही लॉक गेलं असं धरून मी रडकुंडीला आले. शेजारचे एक रिक्षावाले दादा आले. त्यांनी डाव्या हाताने स्टिअरिंग किंचित हलवलं, उजव्या हाताने चावी फिरवली, आणि गाडी सुरू झाली. चावी काढल्यावर स्टिअरिंग हलवलं की आतला खटका अडकतो आणि चाक जागीच धरून ठेवतो. चाकांचा ताण त्या खटक्यावर असेल तर चावी फिरत नाही. ताण सैल केला की फिरते. हा बिघाड नव्हे, ही चोरीपासूनची राखण. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट मात्र बिघाडच होती, आणि तिने मला खरोखर घाबरवलं. सराव म्हणून मी संध्याकाळी वसईच्या किल्ल्यातून जाणाऱ्या रस्त्याने किल्लाबंदरच्या दिशेने गाडी नेत असे. त्या वेळी रस्ता मोकळा असतो, पुढे वाळत घातलेल्या मासळीचा वास येऊ लागतो. एका गतिरोधकावरून गाडी आपटली, आणि चाव्यांचा अख्खा जुडगा खळ्ळकन माझ्या पायाशी पडला. इंजिन चालूच. मी खाली पाहिलं, वर पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं. क्लचशेजारी जुडगा पडलेला आणि चावीच्या जागी नुसतं भोक. गाडी कडेला घेऊन मी बराच वेळ तशीच बसून राहिले. इंजिन बंद करायचं तर चावी पुन्हा आत घालायला हवी, आणि माझा हात थरथरत होता.

घरी हे सांगितल्यावर बाबा गप्प झाले. मग म्हणाले, "माझ्याही हातून दोनदा पडली होती." त्यांनी ते आईला कधी कळू दिलं नव्हतं.

मग मी सगळे करतात तेच केलं. स्टेशनजवळ एका दुकानात मशीनवर डुप्लिकेट चावी काढून घेतली. एका बाजूला जुनी चावी, दुसऱ्या बाजूला कोरी, मधे फिरणारं चाक. दोन मिनिटांत चकचकीत चावी हातात आली, दीडशे रुपये दिले. घरी आले आणि दाराला लावली. जुनी निदान दहादा खटपट केल्यावर एकदा फिरायची. नवी एकदाही फिरली नाही. मला हे कोडंच उलगडेना. जुनी झिजलेली, ही कोरीकरकरीत, मग हिनेच हट्ट का धरावा?

गॅरेजमध्ये विचारलं तर उत्तर तयार होतं: सगळा लॉक सेट बदला. इग्निशन, दोन्ही दारं, डिकी, सोबत दोन चाव्या, सगळे मिळून तीन हजार. ते गैर बोलत नव्हते. ८०० चं शेवटचं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये झालं, तरी तिचे लॉक सेट अजून बाजारात मिळतात. पण चार लॉकं एकदम गेली असतील हे मनाला पटत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर बाबांनी सव्वीस वर्षं ज्या लॉकांना हात लावला ती एका सकाळी भंगारात टाकायला माझं मन धजत नव्हतं.

होळी बाजारात एका बंद दुकानाच्या ओट्यावर एक वयस्कर चावीवाले काका बसतात. लाकडी पेटी, तिच्यावर बसवलेला लहानसा व्हाइस, तारेत ओवलेल्या शेकडो कोऱ्या चाव्या आणि चार-पाच कानशी. त्यांच्यासमोरून मी लहानपणापासून जात आले आहे, पण थांबले नव्हते. त्या दिवशी थांबले. जुडगा पुढे केला.

त्यांनी तो घेतला तो आधी तळहातावर तोलला. "ताई, एवढं ओझं इग्निशनला टांगता?"

जुडग्यात काय नव्हतं! घराची, फाटकाची, पाण्याच्या टाकीच्या झाकणाची, बाबांच्या जुन्या ऑफिसातल्या ड्रॉवरची आणि गोदरेजच्या कपाटाची चावी. काकांनी कपाटाची चावी वेगळी धरली आणि तिच्याकडे आदराने पाहिलं. अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत लालबागला कुलपं बनवायला घेतली, कपाटं पुढची. काका म्हणाले की ह्या कंपनीची जुनी कुलपं उघडून-उघडूनच ते धंदा शिकले. मग त्यांनी गाडीची चावी जुडग्यातून सोडवली आणि बाकीचा भार माझ्या हातात दिला. गाडी हादरते तसा हा जुडगा झुलतो आणि त्याच्या वजनाने चावी इग्निशनच्या आत घासत राहते. वर्षानुवर्षं. ह्यातली अर्धी झीज फिरवण्याची होती आणि अर्धी ह्या झोपाळ्याची.

चावी त्यांनी उन्हात धरली. तोवर ती मी नीट पाहिलीच नव्हती. कडेचा पांढरा मुलामा जाऊन आतलं पिवळं पितळ उघडं पडलं होतं. दात्यांचे शेंडे बोथट झाले होते, आणि दोन दात्यांमधला उतार समुद्रावरच्या गोट्यासारखा गुळगुळीत होता. मग त्यांनी माझी नवी चावी तिच्यावर ठेवली. दोन्ही अगदी एकसारख्या.

"बघा, त्या माणसाने काम बरोबर केलंय," काका म्हणाले. "झिजलेल्या चावीवरून चावी काढली की झीजच निघते. वर मशीनचा केसभर फरक. जुनी चावी कशीबशी फिरत होती ती तुमच्या वडलांच्या हातामुळे. हिला तेवढा केस जास्त झाला."

मी विचारलं, मग आता मूळ माप कुठून आणायचं? नव्या गाडीबरोबर चावीचा नंबर कोरलेला पत्र्याचा बिल्ला यायचा, तो आहे का, असं त्यांनी विचारलं. त्या नंबरावरून मूळ दाते काढता येतात. पण आमचा बिल्ला कुठल्या घरबदलात गेला ते देव जाणे. मग त्यांनी एक प्रश्न विचारला. तेव्हा मला तो गैरलागू वाटला.

"डाव्या दाराला बाहेरून चावी कधी लावली होती?"

मी आठवू लागले. डावीकडे आई बसते. बाबा उजवीकडून आत बसायचे, अंग वाकवून हात लांब करायचे आणि डाव्या दाराची घुंडी आतून वर ओढायचे. आई तोवर पदर सावरत बाहेर उभी. पावसात बाबा ते जरा घाईने करत. सव्वीस वर्षं. डाव्या दाराच्या भोकात चावी गेलेली मला एकदाही आठवेना.

"मग माप तिथे आहे," काका म्हणाले.

रविवारी सकाळी ते पेटी घेऊन अंगणात आले. आधी आरसी बुक मागितलं, गाडीच्या नंबराशी ताडून पाहिलं आणि एका वहीत तारीख, नंबर, नाव लिहून घेतलं. ओळखीच्या घरीही हा नेम ते मोडत नाहीत. चावीवाल्याच्या हातात दुसऱ्याचं घर असतं, असं ते म्हणाले. मला ती वही फार आवडली.

दार मीच उघडायचं असं त्यांनी ठरवून टाकलं. "मी सांगतो, तुम्ही करा. पुढच्या वेळी मी नसलो तर?" आधी हात टेकायच्या पट्टीचे दोन स्क्रू. मग घुंडी, ती नुसती फिरवून निघते. काच वर-खाली करायच्या हँडलाला मात्र स्क्रूच दिसेना. मी ते ओढू लागले तसे काका धावत आले. हँडलच्या मागे तारेची एक वाकडी क्लिप असते, बाहेरून न दिसणारी. त्यांनी जुन्या पंचाचा तुकडा मागितला. तो हँडल आणि दार यांच्यामधल्या फटीत सारला आणि बूट पुसताना फडकं ओढतात तसा दोन्ही टोकांनी आळीपाळीने ओढायला सांगितलं. चौथ्या ओढीला टिंग असा आवाज झाला आणि क्लिप उडून तुळशीपाशी पडली. ती शोधायला आईला यावं लागलं.

आतलं पॅड कडेच्या प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर बसवलेलं असतं. चपटं पातं घालून एकेक खुंटी हलकेच उचलायची. दोन माझ्याकडून तुटल्या. त्यामागे पावसाचं पाणी अडवणारा प्लॅस्टिकचा कागद, आणि त्यामागे दाराचं पोकळ पोट. टॉर्च मारला तर तळाशी सुकलेली पानं, माती आणि एक पंचवीस पैशांचं नाणं, काचेच्या फटीतून कधी तरी घसरलेलं. ते नाणं ३० जून २०११ पासून चलनातून गेलं. म्हणजे त्याआधीपासून ते तिथे असणार. काकांना नाण्यापेक्षा मातीची काळजी. दाराच्या तळाला पाणी निथळायला बारीक भोकं असतात. ती बुजली की पावसाळाभर पाणी आत साचतं आणि पत्रा आतून खातं. आमच्याकडे समुद्राची खारी हवा, त्यात साचलेलं पाणी. मी एका खिळ्याने ती भोकं मोकळी केली, आणि एका भोकातून ओला गाळ निघाला. सगळ्या कामात मला सर्वांत समाधान ह्या भोकांनी दिलं. पावसाळ्याआधी प्रत्येक गाडीवाल्याने हे करायलाच हवं.

लॉक स्वतः केवढंसं! अंगठ्याएवढं नळकांडं, बाहेरून दारात सरकवलेलं, आतून नालेच्या आकाराच्या एका पत्र्याच्या क्लिपने धरलेलं. त्याच्या शेपटीशी एक बोट, त्या बोटाला एक सळई, आणि सळई खाली खटक्याला जोडलेली. चावी फिरते ती हे बोट हलवायला. दार अडवून धरतो तो खटका वेगळाच, दाराच्या कडेला. मला आजवर वाटायचं की कुलूप म्हणजे एकच वस्तू. इथे तर तीन होत्या, आणि त्यांतली फक्त एक चावीला ओळखत होती.

सळई काढली, क्लिप स्क्रू-ड्रायव्हरने ढकलली, आणि लॉक माझ्या हातात आलं. भोकावरची छोटी झडप गंजाने घट्ट बसलेली. काकांनी वाटीत थोडं पेट्रोल घेऊन ते त्यात बुडवलं आणि जुन्या टूथब्रशने घासलं. काळा, चिकट लगदा निघाला.

"ह्यात तेल कुणी घातलं?"

खुर्चीतून बाबांनी डावा हात वर केला. दर पावसाळ्याआधी ते चारही लॉकांत खोबरेल तेलाचे दोन-दोन थेंब सोडत. गंज धरू नये म्हणून. काका त्यांच्याशी फार सौम्यपणे बोलले. म्हणाले, हेतू चांगला होता साहेब, पण तेल धूळ धरून ठेवतं, आणि त्याचा असा लगदा होतो. ज्या नळकांड्यात चावी जाते तिथे कोरडी वस्तू हवी. पेन्सिलीचं शिसं चाकूने खरवडून त्याची पूड भोकात फुंकायची, किंवा चावीलाच पेन्सिल घासायची. ग्रीस लावायचं ते दाराच्या कडेच्या खटक्याला, तिथे धातूवर धातू आपटतो. बाबा लक्ष देऊन ऐकत होते. इतक्या दिवसांत कुणी त्यांना गाडीबद्दल काही सांगितलं नव्हतं. सगळे त्यांना फक्त गोळ्यांबद्दल सांगत.

मग कानशीचं काम सुरू झालं. काकांनी कोरी चावी मेणबत्तीच्या ज्योतीवर धरली, ती काजळीने काळी झाली. ती आत सारली, फिरवायचा हलका जोर दिला, किंचित वर-खाली केली आणि बाहेर काढली. काळ्या कडेवर टाचणीच्या टोकाएवढे काही चमकते ठिपके. "इथे आत काहीतरी अडतंय," ते म्हणाले. त्या ठिपक्यावर तीनधारी कानस दोनदा फिरवली. फक्त दोनदा. पुन्हा काजळी, पुन्हा आत, पुन्हा बाहेर. जिथे ठिपका उमटायचा थांबला ती खाच झाली पुरी, तिला मग हात लावायचा नाही. मी बाजूला बसून मोजत होते. वीसपर्यंत मोजलं आणि सोडून दिलं. घाई केली तर एक घास जास्त जातो आणि कोरी चावी फुकट जाते, कारण खाच खोल करता येते, परत भरता येत नाही.

मधे चहा झाला. बाबांनी हळूहळू शब्द जुळवत काकांना सांगितलं की १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी पहिल्या मारुतीची चावी हरपालसिंग नावाच्या गिऱ्हाइकाला दिली होती. हा प्रसंग त्यांच्या मनात असा होता की जणू ते तिथे उभे होते. काका म्हणाले, "ती चावीही आता झिजली असेल."

साडेअकराच्या सुमाराला काकांच्या हातात टक असा आवाज झाला. लॉक फिरलं.

आता त्यांनी मला जवळ बोलावलं. लॉकच्या शेपटीची बारीक कडी काढली आणि चावी आतच ठेवून आतला गोल प्लग अलगद बाहेर ओढला. पितळेचा तो प्लग माझ्या बोटांत आला. त्याच्या अंगात आडव्या खाचा, आणि प्रत्येक खाचेत एकेक पातळ पितळी पत्ती, मधे चौकोनी खिडकी असलेली. चावी आत असताना सगळ्या पत्त्या प्लगच्या पाठीशी सपाट होत्या, बोट फिरवलं तरी लागत नव्हत्या. काकांनी प्लग चिमटीत धरून चावी हळूच बाहेर घेतली. बारक्या स्प्रिंगांनी पत्त्या एकामागून एक उसळल्या आणि कडेने बाहेर डोकावल्या.

मी ते पाच-सहा वेळा करायला लावलं. आत, सपाट. बाहेर, डोकावल्या. तांदूळ मोजताना पायलीवर शीग राहते आणि पट्टी फिरवली की सगळं काठाशी येतं, तसंच. एक दाणाही काठावर राहिला तर पट्टी अडते. एक पत्तीही डोकावली तर ती बाहेरच्या नळकांड्याच्या खाचेत अडते आणि प्लग फिरत नाही. प्रत्येक पत्तीची खिडकी वेगळ्या उंचीवर, म्हणून चावीची प्रत्येक खाच वेगळ्या खोलीची. चावी पान्यासारखी जोर लावते असं मी समजत होते, ते साफ चुकीचं. चावी फक्त सगळ्यांना एका पातळीवर आणते. फिरवतो तो हात.

आणि बाबांचं सूतभर? झिजलेले दाते आपापल्या पत्तीला पुरेसं उचलत नव्हते. चावी किंचित मागे ओढली की शेजारच्या दात्याचा उतार त्या पत्तीखाली यायचा आणि ती उरलेला केसभर उचलली जायची. सगळ्या पत्त्या सपाट होतील अशी एक नेमकी जागा बाबांच्या बोटांनी शोधली होती, आणि चावी आणखी झिजली की नवी जागा. हे समजलं तेव्हा मी बाबांकडे पाहिलं. ते कित्येक वर्षं रोज सकाळी हे करत होते आणि त्यांनी त्याबद्दल एक अक्षर तक्रार केली नव्हती.

डाव्या दाराच्या मापाची नवी चावी उजव्या दाराला लावली. फिरली, पण कुरकुरत. काकांनी तेही लॉक बाहेर काढलं. ह्या खेपेला क्लिप मी एकटीने काढली, एकही खुंटी न तोडता. नवी चावी घालून प्लग पाहिला तर दोन पत्त्या काठाच्या जरा वर. चावी झिजते तशी रोजच्या दाराची पत्तीही झिजते, तिच्या खिडकीची कड खाल्ली जाते. काका म्हणाले, इथे बरेच जण दोन गोष्टी करतात. एक तर डोकावणारी पत्ती वरून कानशीने घासून सपाट करायची, नाहीतर ती काढूनच टाकायची. दार लगेच उघडतं आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. पण मग लॉक दुसऱ्याच्या चावीनेही उघडू लागतं, पुढे पुढे स्क्रू-ड्रायव्हरनेही. त्यांनी पेटीतून एक गोळ्यांचा डबा काढला. आत जुन्या लॉकांतल्या शेकडो पत्त्या, प्रत्येकीवर मापाचा बारीक आकडा ठोकलेला. मापं मोजकीच असतात, त्यांचा क्रम काय तो प्रत्येक गाडीचा वेगळा. भिंग लावून त्यांनी त्याच आकड्याच्या दोन पत्त्या शोधल्या आणि चिमट्याने बसवल्या. स्प्रिंग सांभाळा, शिंकू नका, एवढं एकच त्यांनी मला बजावलं.

इग्निशनचं लॉक त्यांनी उघडलं नाही. नवी चावी आत घातली, फिरवली, गाडी सुरू केली आणि मला चावी ओढून पाहायला सांगितलं. चालू गाडीत ती आता बाहेर येईना. पत्त्या तिला धरून होत्या. "पुन्हा सुटू लागली तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका," ते एकदम कडक आवाजात म्हणाले. धावत्या गाडीत चावी पडून लॉक मागे फिरलं आणि स्टिअरिंग अडकलं तर काय होईल ते त्यांनी सांगितलं नाही. मला किल्ल्यातला तो रस्ता आठवला.

सगळ्याचे मिळून त्यांनी बाराशे रुपये घेतले. ते फार कमी होते. मी जास्त देऊ केले तर दोनशेच जादा घेतले आणि त्या पैशांत दुसरी चावी कापून दिली. पहिली चावी माझ्या हातातून काढून घेऊन आईला दिली. "ही कपाटात. ही कधी वापरायची नाही. पुढे चावी लागली तर हिच्यावरून काढा, वापरातल्या चावीवरून नाही." आईने ती आरसी बुकाच्या पिशवीत ठेवली. पत्त्यांच्या आकड्यांचा क्रमही मी एका कागदावर लिहून तिथेच घातला आहे. तो इथे लिहिणार नाही. इग्निशनच्या चावीला आता दुसरं काहीही अडकवत नाही, फक्त एक दोरा, खिशातून ओढायला.

काका गेल्यावर बाबा म्हणाले, मला बघू दे. मी त्यांना धरून उजव्या दाराशी नेलं. चावी त्यांनी डाव्या हाताने आत सारली, आणि सवयीने सूतभर मागे ओढली. फिरवली. फिरली नाही. त्यांनी पुन्हा ओढली, थोडी कमी. नाही. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"बाबा, ओढू नका. पूर्ण आत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चावी आत ढकलली, थांबले आणि फिरवली. दाराची घुंडी टक करून वर आली. त्यांनी दार पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. आई ओट्यावरून म्हणाली की जेवण गार होतंय.

त्याला आता वर्ष उलटून गेलं. बाबा पुढच्या सीटवर डावीकडे बसतात, आई मागे. बाबांना हाताला धरून बसवावं लागतं, म्हणून मी आधी डावीकडे जाते, बाहेरून चावी लावते, त्यांचा पाय उचलून आत ठेवते, पट्टा लावते आणि मग उजवीकडे येते. आठवड्यातून तीनदा, कधी चारदा. परवा पावसाने गाडी धुऊन निघाली होती, आणि डाव्या दाराच्या चावीच्या भोकाभोवती रंगावर बारीक ओरखडे दिसले, नखाने काढल्यासारखे. सव्वीस वर्षं तिथे एकही नव्हता.